सेम म्हणजे 'तोच' की 'तसाच'?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा मुलगा सहावीत, इंग्लिश मीडियमला. त्याने वहीत तीन वाक्यं लिहिली: 'आय हॅव सेम बुक', 'माय बॅग इज सेम लाइक यू' आणि 'वी स्टडी इन अ सेम स्कूल'. टीचरनी तिन्हींवर लाल रेघ मारली. पहिल्यात 'द' घातला, दुसरं वाक्य 'माय बॅग इज द सेम अ‍ॅज युवर्स' असं केलं, तिसऱ्यात 'अ' खोडून 'द' केला. कारण मात्र एकाचंही लिहिलं नाही. आणि तुम्ही विचारताय की सेम तर आपण दिवसभर बोलतो, मग चुकतं कुठे, आणि सिमिलर, इक्वल, आयडेंटिकल यांच्यात नेमका फरक काय.

टीचर तिन्ही ठिकाणी बरोबर आहेत. पण मुलगाही उगाच चुकलेला नाहीये. त्याच्या तिन्ही चुका थेट मराठीतून आल्यात, आणि मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, भाषांतरं करते, त्यात या तीन चुका न करणारं मराठी घरातलं मूल मला फार क्वचित भेटलंय. मोठी माणसंसुद्धा करतात, ऑफिसच्या मेलमध्ये करतात, इंटरव्ह्यूत करतात. त्यामुळे त्याला रागावू नका, त्यापेक्षा कारण समजावून सांगा, कारण कळलं की ही चूक कायमची जाते असा माझा अनुभव आहे.

पहिली चूक घ्या. मराठीत आपण 'तोच' म्हणतो ना, त्याचे दोन तुकडे करून बघा, 'तो' आणि 'च'. 'तो' म्हणजे तुला-मला आधीच माहीत असलेला, ज्याच्याबद्दल बोलणं चालू आहे तो. 'च' म्हणजे दुसरा नाही. इंग्रजीत 'तो'चं काम 'द' करतो आणि 'च'चं काम 'सेम' करतो. म्हणून 'द सेम' ही जोडी आहे. 'तोच'मधून 'तो' काढून नुसतं 'च' बोलता येत नाही तसंच 'द' काढून नुसतं 'सेम बुक' इंग्रजी वाक्यात लिहिता येत नाही. मुलांना हे फळ्यावर लिहून दाखवलं की लगेच पटतं. गंमत अशी की आपण मराठीत बोलताना 'माझ्याकडे सेम पुस्तक आहे' म्हणतो, म्हणजे इंग्रजीतून शब्द उचलताना 'सेम' तेवढा घेतला आणि 'द' तिकडेच ठेवला, आणि मग तोच मराठीतला सेम पोरं परत इंग्रजीत नेतात तेव्हा 'द' नसतोच सोबत. 'द'च्या जागी 'धिस', 'दॅट', 'दोज' चालतात, म्हणजे 'दॅट सेम इव्हनिंग', 'दोज सेम पीपल'. बोलताना तुटक उत्तर असेल तर 'द' गळतो, जसं 'सेम हिअर', 'सेम टाइम टुमॉरो', आणि 'सेम-डे डिलिव्हरी' सारख्या जोडशब्दात तो लागत नाही. बाकी सगळीकडे हवाच.

तिसरी चूक त्याचीच बहीण आहे. आपण म्हणतो 'आम्ही एकाच शाळेत शिकतो'. 'एकाच'मध्ये 'एक' आहे, आणि एक म्हटलं की मुलाच्या डोक्यात 'अ' येतो. म्हणून 'अ सेम स्कूल'. इंग्रजीला मात्र तिथेही 'द सेम'च लागतो. म्हणजे मराठीत दोन वेगळ्या सोयी आहेत: आधी उल्लेख आलेली गोष्ट परत आली तर 'तोच' (काल जो रिक्षावाला भेटला तोच आजही भेटला), आणि दोघातिघांची मिळून गोष्ट एक असेल तर 'एकच' (दोघी एकाच ऑफिसात आहेत). इंग्रजी दोन्हींना 'द सेम' म्हणून मोकळी होते. 'अ सेम' असं काही इंग्रजीत चालत नाही, हे त्याला सरळ पाठ करायला सांगा.

आता 'सेम लाइक'. हे जरा खोलात जाऊन सांगते कारण इथे बहुतेक शिक्षक नुसतं 'अ‍ॅज म्हण' सांगून पुढे जातात. मराठीत आलेला सेम आता इंग्रजी सेम राहिलेलाच नाही. 'तो सेम बापासारखा दिसतो', 'सेम तसाच आवाज आला', 'सेम माझ्या आईसारखं बोलतेस तू' ही वाक्यं बघा. इथे सेमचा अर्थ 'हुबेहूब', 'अगदी'. म्हणजे आपण त्याला विशेषणावरून क्रियाविशेषण करून टाकलंय, आणि खरं काम 'सारखा' हा शब्द करतोय. हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'ही लुक्स सेम लाइक हिज फादर' होतं. मुलाने 'सारखा'चं 'लाइक' केलं, तेवढं बरोबरच केलं, फक्त हुबेहूबच्या जागी 'सेम' तसाच ठेवला. इंग्रजीत तिथे 'एक्झॅक्टली' हवा, 'ही लुक्स एक्झॅक्टली लाइक हिज फादर' किंवा 'जस्ट लाइक हिज फादर'. आणि सेम वापरायचाच असेल तर त्याची जोडी 'अ‍ॅज'शी आहे, 'द सेम कलर अ‍ॅज माइन', 'द सेम एज अ‍ॅज मी'. म्हणजे एकतर 'लाइक' घ्या नाहीतर 'द सेम अ‍ॅज' घ्या, दोन्हींची सरमिसळ नको. 'सेम विथ'ही तुलनेत चालत नाही, ते फक्त 'इट्स द सेम विथ मी' म्हणजे 'माझ्या बाबतीतही तसंच आहे' एवढ्याच अर्थाने येतं. आणि हो, त्या वाक्यात दुसरी एक चूक होती जी टीचरनी न बोलता दुरुस्त केली: बॅगेची तुलना बॅगेशी व्हायला हवी, 'यू'शी नाही, म्हणून 'युवर्स'. मराठीत 'माझी बॅग तुझ्यासारखी आहे' असं आपण सहज बोलतो आणि समोरच्याला कळतंही, इंग्रजी तिथे जास्त काटेकोर आहे.

सेम टू सेम, सेम पिंच हे आपले घरचे प्रयोग आहेत. दोन मैत्रिणींनी एकाच रंगाचा ड्रेस घातला की सेम पिंच म्हणून चिमटा काढायचा, हे लंडनच्या मुलीला सांगितलं तर तिला कळणार नाही. त्यात काही वाईट नाही, मराठी बोलताना खुशाल बोलावं, फक्त परीक्षेच्या पेपरात नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसले तो सांगते. इंग्रजीतला 'द सेम' दोन अगदी निराळ्या गोष्टी एका शब्दात सांगतो. एक, वस्तू एकच आहे. दुसरी, वस्तू दोन आहेत पण त्यांच्यात फरक नाही. 'शी वोअर द सेम सारी' हे वाक्य भाषांतराला आलं की माझा हात थांबतो, कारण मराठीत 'तीच साडी नेसली' आणि 'तशीच साडी नेसली' यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात साडी एक आहे, तीच तिने दुसऱ्या समारंभाला पण काढली किंवा बहिणीची मागून नेसली. दुसऱ्यात साड्या दोन आहेत, बहुतेक एकाच दुकानातल्या. इंग्रजी वाक्यावरून ते कळत नाही, मागचंपुढचं वाचावं लागतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारायला लावते: वस्तू एक आहे की दोन?

याचं घरातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे उसनवारी. शेजारच्या काकू वाटीभर साखर उसनी नेतात, आठवड्याने परत देतात. तीच साखर देतात का? ती तर चहात गेली. तेवढीच, तशीच दुसरी देतात आणि आपण आनंदाने घेतो. पण त्यांनी आपली बिडाची कढई नेली असेल तर तीच कढई परत यायला हवी, दुसरी नवीकोरी आणून दिली तरी मन मानत नाही कारण आपल्या कढईत इतक्या वर्षांचं तेल मुरलंय. मराठीत म्हणूनच आपण साखर 'उसनी' नेली म्हणतो आणि कढई 'वापरायला' नेली म्हणतो, भाषेनेच फरक करून ठेवलाय. रोमन कायद्यात या दोन व्यवहारांना दोन स्वतंत्र नावं होती, म्यूचुअम आणि कॉमोडेटम. बँकेचं कर्ज पहिल्या प्रकारात बसतं, कारण हप्ता भरताना आपण बँकेने दिलेल्याच नोटा परत देत नाही. जर्मन शिकणाऱ्यांना पण हे लवकर भेटतं, तिथे 'डासेल्बं' म्हणजे तेच आणि 'डास ग्लाइखं' म्हणजे तसंच असे दोन वेगळे शब्द शिकवतात, बोलताना जर्मन लोक स्वतःही त्यांची अदलाबदल करतात ती गोष्ट वेगळी.

हा फरक कधी कधी माणसाच्या आयुष्याला भिडतो. आपल्या राज्यघटनेचं कलम 20 चं दुसरं उपकलम बघा, एकाच गुन्ह्याबद्दल कोणावरही एकापेक्षा जास्त वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही असं त्यात आहे, आणि इंग्रजीत तिथे शब्द आहे 'द सेम ऑफेन्स'. समजा एकाने सोमवारी एका दुकानात चोरी केली, खटला झाला, शिक्षा भोगून आला, आणि परत त्याच दुकानात चोरी केली. आता तो म्हणू शकतो का की 'सेम ऑफेन्स' आहे, मला आता शिक्षा नको? नाही म्हणू शकत, कारण हा तसाच गुन्हा आहे, तोच नाही. त्या कलमातला सेम म्हणजे त्या एका विशिष्ट घटनेतला तोच गुन्हा. मराठीत आपण तिथे 'एकाच गुन्ह्याबद्दल' म्हणतो आणि घोळ राहत नाही. भाषांतर करणाऱ्याने तिथे चुकून 'तशाच गुन्ह्याबद्दल' लिहिलं तर अट्टल चोराला एकदा शिक्षा झाली की पुढे कायमची सूट मिळाल्यासारखं होईल.

मात्र मराठीतही हे दरवेळी इतकं स्वच्छ नसतं. 'तीच चूक परत केली', 'दोघांनी तोच रंग निवडला', 'रेडिओवर तेच गाणं लागलं' ही वाक्यं आपण बोलतो आणि ती बरोबर आहेत. चूक, रंग, गाणं, भाव, नाव या हातात धरता येणाऱ्या वस्तू नाहीत, त्यामुळे एक की दोन हा प्रश्नच तिथे पडत नाही आणि 'तोच' बिनदिक्कत चालतो. 'मी पण तोच मोबाईल घेतला' म्हणतात तेव्हा मॉडेल डोक्यात असतं, हातातला तुकडा नाही. त्यामुळे नियम म्हणून घोकू नका, प्रश्न म्हणून विचारा. आयटीवाल्यांना एका वाक्यात सांगते: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'इज' आणि 'डबल इक्वल टू' (==) यांच्यात जो फरक आहे तोच हा, 'इज' विचारतो की ऑब्जेक्ट एकच आहे का, 'डबल इक्वल टू' विचारतो की किंमत सारखी आहे का.

औषधांच्या बाबतीत तर मी हे घरोघरी सांगत असते. केमिस्ट म्हणतो 'ताई, ती गोळी नाहीये, ही घ्या, कंपनी वेगळी, कंटेंट सेम'. इथे सेमचा अर्थ असा की आतला औषधी घटक तोच आहे, गोळी वेगळी आहे. हे नीट कळलं नाही तर दोन उलट्या गोष्टी होतात. काही जण ते 'वेगळं औषध' समजून घाबरून घेतच नाहीत. आणि काही जण दोन नावं म्हणजे दोन औषधं समजून दोन्ही घेतात, जे जास्त धोक्याचं आहे. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या तिन्हींत मूळ औषध पॅरासिटामॉल. अमेरिकेत त्यालाच असिटामिनोफेन म्हणतात आणि तिथल्या टायलेनॉलमध्ये तेच असतं. अमेरिकेतल्या मुलाकडून परत आलेले आजी-आजोबा तिकडची टायलेनॉल आणि इकडची क्रोसिन एकाच दिवशी घेतात, वर सर्दीची गोळी घेतात आणि तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. मोठ्या निरोगी माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅम ही साधारण कमाल मर्यादा मानतात, त्यापुढे लिव्हरवर ताण येतो, आणि 650 च्या सहाच गोळ्यांत 3.9 ग्रॅम होतात. वयस्क, लिव्हरचा त्रास असलेले किंवा रोज दारू घेणारे यांना मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांनाच विचारायची. आणि उलट बाजूने, 'सेम गोळी आहे' म्हणून 500 च्या जागी 650 आली तर घटक तोच पण मात्रा वेगळी. म्हणून पाकिटावर नाव वाचल्यावर खालची बारीक ओळ वाचा, घटक आणि मिलिग्रॅम दोन्ही.

आता सिमिलर वगैरे. मराठी माध्यमात शिकलेल्यांना मी बालभारतीच्या भूमितीची आठवण करून देते, तिथे हे फार सुंदर लावलेलं आहे. कॉन्ग्रुअंट त्रिकोण म्हणजे एकरूप, एक उचलून दुसऱ्यावर ठेवला तर तंतोतंत बसतो. सिमिलर त्रिकोण म्हणजे समरूप, आकार तोच पण लहानमोठे असू शकतात. रोजच्या इंग्रजीतही सिमिलरमध्ये फरकाला जागा ठेवलेली असते, 'आवर हाउसेस आर सिमिलर' म्हटलं की ऐकणारा समजतो की काहीतरी वेगळंही आहे. म्हणूनच सिमिलरला कमीजास्त करता येतं, 'व्हेरी सिमिलर', 'मोअर सिमिलर'. सेमला नाही. सेम एकतर असतो नाहीतर नसतो, फार तर 'ऑलमोस्ट द सेम', 'एक्झॅक्टली द सेम' म्हणा. 'द व्हेरी सेम' असतं पण त्यातला व्हेरी म्हणजे खूप नाही, त्याचा अर्थ 'अगदी तोच तो'. सिमिलरच्या पुढे 'टू' येतो, 'अ‍ॅज' किंवा 'विथ' नाही.

इक्वल हे मोजण्याचं आहे. रक्कम, संख्या, वजन, हक्क. घटनेच्या कलम 14 मध्ये इक्वॅलिटी आहे, सगळी माणसं सेम आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि त्यामुळेच वेगळ्या परिस्थितीतल्या लोकांसाठी वेगळी तरतूद करता येते. मला यातलं सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे 1976 चा समान वेतनाचा कायदा. त्याच्या एका कलमात सेम, सिमिलर, इक्वल हे तिन्ही शब्द शेजारीशेजारी बसले होते: स्त्री-पुरुषांना 'इक्वल' मोबदला, कशासाठी तर 'सेम वर्क ऑर वर्क ऑफ अ सिमिलर नेचर'. नुसतं 'सेम वर्क' लिहिलं असतं तर कुठलाही मालक म्हणाला असता की बाया माल निवडतात, पुरुष माल भरतात, काम सेम कुठे आहे? सिमिलर घातल्यामुळे ती पळवाट अवघड झाली, आणि व्याख्येत कौशल्य, मेहनत, जबाबदारी या कसोट्या दिल्या. ज्याने तो मसुदा लिहिला त्याला सेमची मर्यादा पक्की माहीत होती. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तीच शब्दरचना पुढे आणली आहे.

आयडेंटिकल म्हणजे बारीकसारीक तपशिलापर्यंत तसाच. आयडेंटिकल ट्विन्स एकाच फलित अंड्यातून होतात म्हणून हुबेहूब दिसतात, पण माणसं दोन. आणि याच घराण्यातला 'आयडेंटिटी' शब्द बघा, आयडेंटिटी कार्ड सांगतं की समोर उभा आहे तो तोच माणूस. लॅटिन 'इडेम' म्हणजे 'तोच', त्यावरून दोन्ही आले, आणि एकाने तसाच धरला, एकाने तोच धरला. आयडेंटिकलपुढे 'टू' लावा किंवा 'विथ', दोन्ही चालतात. अलाइक नामाच्या आधी येत नाही, 'द सिस्टर्स लुक अलाइक' म्हणायचं, 'अलाइक ड्रेसेस' म्हणायचं नाही.

सेम हा शब्द इंग्रजीत आला कुठून, हे पण सांगते कारण मला त्यात फार रस आहे. तो मूळचा इंग्रजी नाही. व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतून तो आला, 'दे', 'देम', 'देअर' हे शब्दही त्यांचेच. आजही स्वीडिशमध्ये 'सम्मा' आणि डॅनिशमध्ये 'सम्मं' म्हणतात. त्याआधी इंग्रजीत या कामाला 'इल्का' शब्द होता, तोच आजचा 'इल्क'. आणि इल्कचा प्रवास बघा, आधी अर्थ होता 'तोच', आणि आता 'पीपल ऑफ हिज इल्क' म्हणजे 'त्याच्यासारखे लोक'. तोचवरून तसाचवर घसरला. म्हणजे हा गोंधळ आपल्या पोरांचा नाही, त्या भाषेतच हजार वर्षं चालू आहे.

आणि सेमचं आपल्या 'सम'शी रक्ताचं नातं आहे. संस्कृत सम, ग्रीक होमोस, नॉर्सचा सेम, सगळे एकाच मुळाचे, ज्याचा अर्थ 'एक', 'एकत्र'. फारसीत 'स'चा 'ह' होतो (सप्ताह आणि हप्ता आठवा), तसा समचा 'हम' झाला, तोच हमदर्द आणि हमसफरमधला हम. रशियनमध्ये त्याचाच 'सम' म्हणजे 'स्वतः', म्हणून समोवार म्हणजे स्वतः उकळणारं भांडं. ग्रीकांनी तर तोच आणि तसाच यांना अगदी जवळजवळचे शब्द ठेवले, 'होमोस' म्हणजे तोच आणि 'होमोइऑस' म्हणजे तसाच. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडितांमध्ये यांच्यापासून बनलेल्या 'होमोउसिऑस' आणि 'होमोइउसिऑस' या शब्दांतल्या एका अक्षरावरून केवढा वाद पेटला, पुत्र (येशू) हा पित्याच्याच (देवाच्याच) तत्त्वाचा की पित्यासारख्या तत्त्वाचा. 325 साली नायसियाच्या परिषदेने 'त्याच तत्त्वाचा' हा शब्द स्वीकारला, तरी भांडण पुढे कितीतरी वर्षं चाललं.

बरं, आता ऑफिसचं. 'प्लीज फाइंड अटॅच्ड द बिल अँड कन्फर्म रिसीट ऑफ द सेम'. आपल्याकडे हा साचा इतका बसलाय की लोकांना तो सभ्य वाटतो. चूक नाही, जुन्या व्यापारी आणि कोर्टाच्या इंग्रजीतून आलाय, आपल्या सरकारी मराठीतला 'सदर' आणि 'सदरहू' याच जातीचा. पण साध्या मेलमध्ये 'इट' लिहा, पुरतं. आणि करारात तर हा 'द सेम' मला नकोच वाटतो. लिव्ह अँड लायसन्सच्या कागदात किल्ल्या, डिपॉझिटची पावती आणि फर्निचरची यादी असं सगळं एका दमात लिहून पुढे 'द ओनर शॅल रिटर्न द सेम' असं असतं, आता परत नक्की काय करायचं? फक्त यादी की तिन्ही? अशा ठिकाणी वस्तूचं नाव परत लिहायला लाजू नका, शब्द दोनदा आला तर काही बिघडत नाही, भाडेकरू आणि मालकाचं भांडण तरी वाचतं.

'सेम टू यू'बद्दलही विचारलंत. दोघांनाही लागू पडणारी शुभेच्छा असेल तरच ते म्हणायचं. हॅपी दिवाळी, हॅपी न्यू इयर, हॅव अ गुड डे, इथे 'सेम टू यू' किंवा त्याहून सहज 'यू टू'. वाढदिवसाच्या शुभेच्छांना 'सेम टू यू' म्हणायचं नाही, समोरच्याचा वाढदिवस नाहीये, तिथे नुसतं 'थँक यू'. कोणी 'गेट वेल सून' म्हटलं तर तेच. मराठीत 'तुम्हालाही' म्हणताना आपण बरोबर विचार करतो, इंग्रजीत सवयीने तोंडातून जातं.

शेवटी काही जोड्या अशा आहेत की ज्यात सेमचा शब्दशः अर्थ घेतला की भाषांतर आपटतं, आणि मी तपासायला येणाऱ्या कामात हे नेहमी बघते. 'अ‍ॅट द सेम टाइम'चा अर्थ कधी 'एकाच वेळी' असतो आणि कधी 'त्याचबरोबर हेही खरं की', म्हणजे आधीच्या मुद्द्याला जरा उलट मुद्दा येणार असतो, तिथे 'एकाच वेळी' लिहिलं की वाक्य विचित्र होतं. 'इट्स ऑल द सेम टू मी' म्हणजे 'मला काहीही चालेल'. 'आफ्टर द अ‍ॅक्सिडेंट ही वॉज नेव्हर द सेम' याचं 'तो कधीच सारखा नव्हता' असं केलेलं मी वाचलंय, ते हवं 'अपघातानंतर तो पूर्वीसारखा राहिला नाही'. 'सेम ओल्ड स्टोरी' म्हणजे 'तेच ते रडगाणं'. 'इट कम्स टू द सेम थिंग' म्हणजे 'शेवटी एकूण एकच'. आणि 'ऑल द सेम' म्हणजे 'तरीही'. कोणी आपल्यासाठी खटपट केली पण काम झालं नाही, तर 'थँक्स ऑल द सेम' म्हणतात, म्हणजे 'नाही जमलं तरी केलंत, आभार'. तिथे सेमला मराठीत वेगळा शब्द शोधत बसू नका, 'तरी'मध्ये तो येऊन जातो.